हरित कर्जरोखे : फ्रान्स व भारत

विहिरीकरितां काढलेलें कर्ज लग्नांत उडवूं नये, हें आमच्या वाचकांस सांगणें नको. सौरवीज, स्वच्छ वाहतूक अशा कामांवरच खर्चूं, असा शब्द देऊन सरकार जें कर्ज काढतें, त्याच्या रोख्यांस हरित कर्जरोखे म्हणतात. फ्रान्सनें जानेवारी २०१७ मध्यें बावीस वर्षांच्या मुदतीचे ७०० कोटी युरोंचे रोखे विकले व पुढें त्यांतच वेळोवेळीं भर घातली. भारत सरकारनें २०२३ च्या आरंभीं, पांच व दहा वर्षांच्या मुदतीनें, १६,००० कोटी रुपये उभारले. तेव्हां धनकोंनीं किंचित् कमी व्याज पत्करलें. मे २०२४ मध्यें मात्र त्यांनीं अधिक मागितल्यानें रिझर्व्ह बँकेनें सर्व बोली नाकारल्या. केवळ नांवावर मिळालेली सवलत टिकत नाहीं; कामाचा दरसाल चोख हिशेब हेंच खरें तारण होय, असें आम्हांस वाटतें.