खिशातला फोन व्हायब्रेट झाला, तरी कळलं का नाही?

गेल्या महिन्यात सेकंड शिफ्ट संपवून चाकणहून कंपनीच्या बसने भोसरीला येत होतो. उतरल्यावर फोन बघितला, तर आईचे चार मिस्ड कॉल! बाबांना चक्कर आली म्हणून शेजारच्या काकांनी त्यांना दवाखान्यात नेलं होतं. बाबा आता बरे आहेत. पण फोन खिशात होता, व्हायब्रेशन फुल होतं. मग मला कळलं कसं नाही?

फरक किती हवा?

जर्मन शास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यांनी १८३४ मध्ये स्पर्शावरचे प्रयोग मांडले. हातात हलकं वजन असेल तर थोडी भरही कळते. जड वजनात तेवढीच भर कळत नाही. म्हणजे जेमतेम जाणवणारा फरक मूळ संवेदनेच्या प्रमाणात वाढतो. बस आधीच अंग हादरवत असते, त्यात फोनची थरथर बुडून जाते.

आयआयटी मुंबईचे सुभासिस चौधुरी आणि अमित भारद्वाज यांनी याच 'जेमतेम फरका'वर काम केलं. २०१८ मध्ये त्यांचं 'कायनेस्थेटिक परसेप्शन' हे पुस्तक आलं. त्यात व्हायब्रेशन नाही, तर हाताला जाणवणारं बल आहे. दुरून रोबोट चालवताना हा डेटा सेकंदाला साधारण १००० वेळा घेतात. जो बदल माणसाला कळणारच नाही, तो पाठवायचा कशाला? तो गाळला की नेटवर्कवरचा भार कमी होतो.

घरी मोजून बघा

१. फोनमध्ये व्हायब्रेशनची तीव्रता बदलायची सोय असेल, तर दोन जवळच्या लेव्हल निवडा.
२. मित्राने नाणं उडवून आधी कुठली लावायची ते ठरवावं. तुम्ही फोन हातात धरा, पण स्क्रीन बघू नका.
३. जास्त जोरात कुठली होती, पहिली की दुसरी, ते सांगा. असं २० वेळा करा.

नुसत्या अंदाजाने साधारण १० उत्तरं बरोबर येतील. १५ च्या आसपास आली, तर तो फरक तुम्हाला 'जेमतेम' कळतोय. अशा चाचणीत ७५ टक्के ही नेहमीची खूण असते. आता हेच चालत्या बसमध्ये करा, आकडा घसरेल.

मी काय बदललं?

जोर वाढवायला जागाच नव्हती, म्हणून ताल बदलला. आयफोनमध्ये कॉन्टॅक्ट एडिट करून रिंगटोनच्या पर्यायात व्हायब्रेशनचा स्वतःचा पॅटर्न बनवता येतो. काही अँड्रॉइड फोनमध्येही ही सोय आहे. आईसाठी मी तीन लांब, एक छोटा ठेवलाय. बसच्या सलग धडधडीत असा तुटक ताल वेगळा ओळखू येतो. तरी रात्री बसमध्ये आता फोन खिशात नाही, हातातच असतो.