नुसत्या शेकने वजन उतरवताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्रोटीन पावडरचा डबा आता व्यायामशाळेतून घरोघरच्या स्वयंपाकघरात पोचला आहे. वजन उतरवायचं ठरलं की अनेक जण रात्रीच्या जेवणाऐवजी शेक घेऊ लागतात. वजनं उचलणं, जोर-बैठका मात्र 'ते आपलं काम नाही' म्हणून बाजूला राहतं. प्रथिनं शरीराला हवीतच, त्यात दुमत नाही. पण शेकभोवती जमलेल्या काही समजुतींमुळे पैसे वाया जातात, आणि काहींमुळे त्याहून मोलाची गोष्ट जाते : स्नायू.

गैरसमज १ : शेक प्यायल्याने चरबी वितळते.

वस्तुस्थिती : चरबी वितळवेल असं काही प्रथिनांत नसतं. बहुतेक पावडरी व्हेच्या असतात, म्हणजे चीज करताना दुधातून वेगळ्या होणाऱ्या पाण्यातलं सुकवलेलं प्रथिन. त्याच्या एका ग्रॅममधून ४ कॅलरी मिळतात, कर्बोदकांइतक्याच. प्रथिनांमुळे पोट जास्त वेळ भरल्यासारखं वाटतं, हा फायदा खरा आहे. ती पचवायलाही त्यांच्यातल्या २० ते ३० टक्के कॅलरी खर्च होतात. कर्बोदकांसाठी हा खर्च ५ ते १० टक्के असतो. पण एका स्कूपमध्ये साधारण २४ ग्रॅम प्रथिन धरलं, तर पचनावरचा हा खर्च २०-३० कॅलरींचाच होतो. दिवसभराचं खाणं खर्चापेक्षा कमी असेल तरच वजन उतरतं.

गैरसमज २ : प्रथिनं कितीही घेतली तरी अंगावर चढत नाहीत.

वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या पेनिंग्टन संशोधन केंद्राने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २५ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा सुमारे ९५० कॅलरी जास्त खायला दिल्या. एका गटाच्या आहारात प्रथिनं ५ टक्के होती, दुसऱ्याच्या १५ आणि तिसऱ्याच्या २५ टक्के. जास्त प्रथिनं घेणाऱ्यांचं चरबीव्यतिरिक्तचं वजन वाढलं, पण चरबी तिन्ही गटांत जवळपास सारखीच वाढली.

आता घरचा पेला पाहा. पावडरीच्या १२० कॅलरी, म्हशीच्या पाव लिटर दुधाच्या अडीचशे, केळ्याच्या शंभर आणि चमचाभर पीनट बटरच्या नव्वदेक. बेरीज साडेपाचशेच्या वर जाते. हा पेला जेवणाऐवजी नव्हे, तर जेवणावर घेतला तर वजन वाढणारच.

गैरसमज ३ : काट्यावरचा आकडा उतरला म्हणजे चरबी उतरली.

वस्तुस्थिती : व्यायामाशिवाय फक्त खाणं कमी करून वजन उतरवलं, तर गेलेल्या वजनाचा साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसतो, आणि त्यात स्नायूही असतात. आपल्यासाठी हे जास्त गंभीर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, एकच होता : २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय शरीरात बारीक दिसत असतानाही चरबी जास्त आणि स्नायू कमी असू शकतात. जेवणानंतर रक्तातली साखर मोठ्या प्रमाणावर स्नायूच शोषून घेतात. मुळातच कमी असलेले स्नायू डाएटमध्ये गमावले, तर मधुमेहाचा धोका टाळण्याचं एक महत्त्वाचं साधन आपण हातचं घालवतो.

गैरसमज ४ : शेक घेतला की स्नायू टिकतात, चालणं पुरेसं आहे.

वस्तुस्थिती : कमी खाताना पुरेशी प्रथिनं मिळाली तर स्नायूंची झीज काहीशी कमी होते, हे खरं. पण स्नायू राखून ठेवण्याची गरज शरीराला त्यांच्यावर पडणाऱ्या ताणातून कळते. २०१७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या अभ्यासात ६५ वर्षांवरच्या स्थूल व्यक्तींनी सहा महिने आहार कमी करून वेगवेगळे व्यायाम केले. व्यायाम करणाऱ्या सगळ्या गटांचं वजन सारखंच, सुमारे ९ टक्के उतरलं. चालण्यासारखे दमसासाचे व्यायाम करणाऱ्यांचं चरबीव्यतिरिक्तचं वजन मात्र ५ टक्के घटलं. वजनं उचलणाऱ्यांचं फक्त २ टक्के. चालणं हृदयासाठी उत्तम आहे, ते सोडू नका. पण त्याने ताकदीच्या व्यायामाची जागा भरून निघत नाही.

गैरसमज ५ : शाकाहारी माणसाला पावडरीशिवाय प्रथिनं पुरत नाहीत.

वस्तुस्थिती : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला रोज दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. वजन उतरवताना थोडी जास्त घेणं चांगलं. ५० ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांत एका स्कूपइतकी, सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात. १०० ग्रॅम पनीरमध्ये १८, तर मूठभर, म्हणजे ५० ग्रॅम फुटाण्यांत १० ग्रॅम मिळतात. मटकीची उसळ, घट्ट वरण, दही यांची भर वेगळीच. अंडी खाणाऱ्यांना चार अंड्यांतून २४ ग्रॅम मिळतात. पातळ आमटीच्या भरवशावर मात्र राहू नये.

पावडर वाईट नाही. वेळ नसताना सोयीची आहे. पण भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ उत्पादनांच्या २०२४ मधल्या तपासणीत सुमारे ७० टक्के उत्पादनांच्या वेष्टनावरची प्रथिनांची माहिती चुकीची आढळली. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पावडर सुरूच करू नये.

गैरसमज ६ : वजनं उचलली तर बायकांचं शरीर पुरुषी होतं.

वस्तुस्थिती : स्त्रियांमध्ये टेस्टोस्टेरॉन पुरुषांपेक्षा खूपच कमी असतं, त्यामुळे तसं होत नाही. स्नायू बळकट होतात आणि हाडांनाही आधार मिळतो. रजोनिवृत्तीनंतर हाडं झपाट्याने विरळ होतात, तेव्हा हा आधार फार मोलाचा ठरतो.

मग करायचं काय?

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंचे व्यायाम करायला सांगते. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला रेटून जोर, भरलेल्या बाटल्या उचलणं इथून घरीच सुरुवात करता येते. सोपं वाटू लागलं की भार वाढवत न्यायचा. काट्याबरोबर कमरेचा घेरही मोजा : पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत तो असावा. डबा विकत घेण्याआधी व्यायामाचे ते दोन वार पक्के करा. त्यानंतर ताटातून प्रथिनं कमी पडत असतील, तरच पावडरीचा विचार करा.