न भुंकणारें कुत्रें आणि आमची चांदणी

आफ्रिका खंडांत कांगो नदीच्या खोऱ्यांतील अरण्यांत राहणाऱ्या लोकांजवळ बासेंजी नांवाची कुत्र्यांची एक जात आहे. बासेंजी भुंकत नाहीं. तो मुका आहे असें मात्र नव्हे. आनंद झाला म्हणजे तो गळ्यांतून एक लांब, चढउतारांचा सूर काढतो, रागावला कीं गुरगुरतो, दुखलें तर किंचाळतो. परंतु आपल्या आळींतील कुत्रीं मध्यरात्रीं जो एकसारखा गलका करितात, तसा प्रकार त्याच्याकडून सहसा होत नाहीं. त्याच्या स्वरयंत्राची ठेवणच निराळी आहे. तेथील शिकारी त्याच्याकडून सावज हुसकून जाळ्याकडे आणवितात, आणि दाट झाडींत हा अबोल सोबती कोठें आहे हें कळावें म्हणून त्याच्या गळ्यांत लांकडी घंटा बांधतात.

दिसावयास तो लहानखुरा, खांद्यापाशीं सुमारें १७ इंच उंच आणि वजनानें दहा-अकरा किलो असतो. कान उभे, कपाळावर एखाद्या चिंताग्रस्त गृहस्थासारख्या आठ्या, आणि शेंपटी पाठीवर घट्ट वळलेली. मांजराप्रमाणें अंग चाटून तो स्वतःस स्वच्छ ठेवितो. १८९५ सालीं अशा दोन कुत्र्यांना इंग्लंडांतील क्रफ्ट्स प्रदर्शनांत मांडण्यांत आलें होतें. परंतु तीं थोड्याच काळांत डिस्टेंपर रोगानें मेलीं. पुढें १९३७ च्या सुमारास पुन्हां कांहीं नेण्यांत आलीं, आणि तेव्हांपासून यूरोप-अमेरिकेंत त्यांचा वंश टिकला. ज्यांनीं तीं पाळलीं ते त्यांच्या हुशारीचें व निर्मळपणाचें फार कौतुक करितात, आणि त्याच दमांत तक्रारही करितात: हांक मारली तरी येत नाहीं, कुंपण चढून जातो, एकटा राहिला तर गाद्या फाडतो, समोरून कांहीं पळालें कीं त्याच्या मागें सुटतो.

ही तक्रार वाचून आमच्या घरांत सर्वांना हंसूं आलें. कारण यांतील प्रत्येक अक्षर आमच्या चांदणीला लागू पडतें, आणि चांदणीनें कांगो नदी कधीं पाहिलेली नाहीं. ती शेंद्र्याची आहे.

शेंद्रा हें आमचें गांव छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, पूर्वेस जालना रस्त्यावर वसलेलें आहे. जुन्या लोकांना तें मांगीरबाबांच्या यात्रेमुळें माहीत आहे. आतांच्या मुलांना औद्योगिक वसाहतीमुळें. एका बाजूस कापूस, तूर आणि बाजरी, दुसऱ्या बाजूस कारखान्यांच्या भिंती, आणि मधून रात्रंदिवस मालमोटारी. २०१७ च्या हिवाळ्यांत अशीच एक कुत्री रस्त्यावर चिरडली गेली, आणि दुसऱ्या दिवशीं आमच्या शेतांत पऱ्हाट्यांच्या ढिगाखालीं तिचीं तीन पिलें सांपडलीं. दोन त्याच दिवशीं गेलीं. तिसरें आईनें पदराखालीं धरून घरीं आणलें. रंग तांबूस, कान तेव्हां अर्धे पडलेले, आणि कपाळावर पांढरा ठिपका. म्हणून नांव चांदणी.

गांवठी कुत्र्याला आपण कांहीं जात नाहीं असें समजतों. ही समजूत बरोबर नाहीं. विलायतेंतील बहुतेक नांवाजलेल्या जाती माणसानें गेल्या दीड-दोनशें वर्षांत निवडून निवडून घडविल्या आहेत. कुत्र्यांचें पहिलें रीतसर प्रदर्शन न्यूकॅसल येथें १८५९ सालीं भरलें, आणि वंशावळी नोंदविणारा केनेल क्लब लंडनमध्यें १८७३ सालीं निघाला. धन्याची शीळ ऐकतांच वळणारा मेंढपाळी कुत्रा पाहिजे म्हणून जीं पिलें शीळ ऐकत तींच पुढें वाढविलीं. गांवठी कुत्र्याला असें कोणीं निवडलें नाहीं. ऊन, उपास, रोग आणि माणसांचे धोंडे यांतून जो वांचला त्याचाच वंश राहिला. म्हणून त्याचें अंग सडपातळ, केंस आंखूड, पाय लांब आणि नजर सावध. बासेंजी आणि हा हजारों मैल दूर असले तरी एकाच शाळेंत शिकलेले आहेत. दोघांचे कान उभे, शेंपटी वळलेली. इतर जातींच्या कुत्र्या साधारणतः वर्षांतून दोनदां विऊं शकतात, बासेंजीची मादी एकदांच. आणि आपल्या मोकाट कुत्र्याही बहुधा वर्षांतून एकदांच, पावसाळा सरल्यावर, वितात. भुंकण्याच्या बाबतींत मात्र आमच्या कुत्रीनें आफ्रिकेचा कित्ता मुळींच गिरविलेला नाहीं.

या भुंकण्याचा उपयोग आमच्या आजीला फार झाला. मोतीबिंदूमुळें तिची दृष्टि मंदावली होती. ओसरीवर बसल्या बसल्या ती चांदणीच्या आवाजावरून सांगे कीं, हा ओळखीचा माणूस आहे, हा अनोळखी, ही दुसऱ्याची गाय. एकदां भाद्रपदांत चांदणी चुलीमागील लांकडांकडे तोंड करून, मागें मागें सरत, एका निराळ्याच तुटक सुरांत भुंकूं लागली. आजी म्हणाली, "अरे, हें माणूस नाहीं. कंदील आणा." लांकडांत नाग होता. सर्पमित्रास बोलावून तो दूर नेऊन सोडविला. त्या दिवसापासून आमच्या वडिलांनीं तिच्या आवाजाविषयीं तक्रार करणें सोडून दिलें.

आतां अडचणी. पहिली ही कीं, चांदणी आज्ञा पाळीत नाहीं. ती आज्ञा ऐकून घेते. आपण "ये" म्हटलें कीं ती मान वळविते, आपल्या हातांत काय आहे तें पाहते, पलीकडे काय चाललें आहे तें पाहते, आणि मग पटलें तर येते. तिला समजत नाहीं असें म्हणणें म्हणजे आपणच आपली समजूत घालून घेणें होय. पिढ्यान् पिढ्या ज्यांना स्वतःच्या बुद्धीवर पोट भरावें लागलें, त्यांच्या संततीनें दुसऱ्याच्या शब्दावर डोळे मिटून कां चालावें? मुडदूस झालेल्या पिलालाही आई जसें भात भरवितांना फसविते तसें हिला फसवितां येत नाहीं.

आमच्या वडिलांनीं पहिल्या वर्षीं येथेंच चूक केली. चांदणी कोंबड्यांच्या मागें लागून तासभर नाहींशी झाली होती. परत आली तेव्हां त्यांनीं तिला जवळ बोलावून चपलेनें मारलें. त्यांच्या मनांत पळाल्याची शिक्षा होती. तिच्या मनांत मात्र जवळ आल्याची शिक्षा नोंदली गेली. पुढें तीन महिने त्यांनीं हात पुढें केला कीं ती दोन हात दूर उभी राही. हें नुकसान भरून काढण्यास त्यांना रोज सायंकाळीं अंगणांत बसून भाकरीचे तुकडे द्यावे लागले, तेही न बोलावितां. ती आपण होऊन येईपर्यंत थांबावें लागे. माझे वडील स्वभावानें तापट. परंतु त्या तीन महिन्यांत ते जितके थांबावयास शिकले, तितके आम्हां भावंडांसाठीं कधीं शिकले नव्हते, असें आई अजून म्हणते.

दुसरी अडचण दोरीची. मोकळी सोडावी तर रस्ता जवळ. बांधून ठेवावी तर ती दोरी चावून तोडी, आणि दोरी नसली कीं खाटेचा पाय कुरतडी. बांधलेलें व रिकामें असलेलें गांवठी कुत्रें चिडकें होतें, हें आम्हांस उशिरा कळलें. सकाळीं व सायंकाळीं बांधावरून तासभर फिरविलें म्हणजे खाट वांचे. चैत्रांत यात्रा भरली कीं हलग्यांच्या आवाजानें ती भेदरून जाई. एका वर्षीं पट्टा तोडून गेली ती दोन रात्रीं आलीच नाहीं. तिसऱ्या पहाटे ती सांपडली, ती ज्या जागीं प्रथम मिळाली होती तेथेंच. पऱ्हाट्यांचा ढीग कधींच जळून गेला होता; ती मोकळ्या मातींत बसली होती. आतां यात्रेच्या दिवसांत व दिवाळींत तिला आंतल्या खोलींत ठेवून आमच्यांपैकीं कोणी तरी सोबतीस बसतें.

इतर गोष्टी थोडक्यांत सांगतों. गोचीड रोज पाहावेत, कारण त्यांच्यामुळें ताप येऊन चांगलें धट्टेंकट्टें कुत्रें खंगतें. शिजविलेलीं हाडें घालूं नयेत. त्यांच्या फांका आंतड्यांत टोंचतात. पिलूं दोन-तीन महिन्यांचें असतांनाच त्याला मुलें, म्हातारीं माणसें, सायकल, गाय हीं सर्व शांतपणें दाखवावींत. त्या वयांत जें पाहिलें तें त्याला पुढें परकें वाटत नाहीं. आणि शस्त्रक्रिया करून घ्यावी, म्हणजे पुढल्या हिवाळ्यांत पऱ्हाट्यांखालीं आणखी पिलें मरावयाचीं नाहींत.

यापुढचें लिहितांना थोडी लाज वाटते. परंतु ज्या घरीं कुत्रें आहे त्या घरच्या मुलांनीं व वडील माणसांनीं तें वाचणें अवश्य आहे. रेबीजची लस कुत्र्याला प्रथम सुमारें तीन महिन्यांचें असतां व त्यानंतर प्रतिवर्षीं टोंचावी लागते. एका वर्षीं सोंगणीच्या धांदलींत आमच्याकडून ती राहून गेली. तारीख उलटून दोन महिने झाले होते. त्याच सुमारास शेजारचा सहा वर्षांचा मुलगा चांदणी जेवीत असतां तिच्या ताटलीवर वांकला. ती गुरगुरली. मुलाला तो खेळ वाटला. ती थबकली, ताठ झाली, पुन्हां गुरगुरली. आणि त्यानें ताटली ओढली तेव्हां ती त्याच्या मनगटास चावली. रक्त आलें.

कोणी हळद म्हणालें, कोणी तिखट, कोणी चुना. सुदैवानें माझी बहीण घरीं होती. तिनें मुलाला उचलून नळाखालीं नेलें व घड्याळ लावून पंधरा मिनिटें जखम साबणानें आणि वाहत्या पाण्यानें धुतली. हा उपाय दिसावयास साधा आहे. परंतु रेबीजचे विषाणू जखमेंतच धुऊन काढणें हें पहिलें औषध होय. तिखट व चुना यांनीं जखम चिघळते आणि वेळ जातो. तेथून लगेच सरकारी दवाखान्यांत. जखमेंतून रक्त आल्यामुळें लसीबरोबरच जखमेच्या भोंवतीं तयार प्रतिद्रव्याचें इंजेक्शन दिलें. मुलाचे आजोबा पोटांतील चौदा इंजेक्शनांच्या आठवणीनें कांपत होते. ती जुनी लस आपल्या देशांत २००५ च्या सुमारासच बंद झाली. आतांची लस दंडांत घेतात, आणि ठरलेल्या दिवशीं सर्व मात्रा पुऱ्या कराव्या लागतात. लुई पाश्चर यांनीं ६ जुलै १८८५ रोजीं जोसेफ माइस्टर नांवाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पहिली अशी लस टोंचली. त्यापूर्वीं पिसाळलेलें कुत्रें चावलें तर प्रार्थनेखेरीज दुसरा उपाय नव्हता. आजही रोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागल्यावर माणूस बहुधा वांचत नाहीं. लसीचा उपयोग त्याच्या आधींच आहे. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, संशयित जनावर चावलेल्यांत सुमारें ४० टक्के पंधरा वर्षांखालील मुलें असतात. पुष्कळ मुलें माराच्या भीतीनें चावा घरीं सांगतच नाहींत.

त्या सायंकाळीं शेजारी आमच्या दारांत आले. "करमाडच्या पलीकडे नेऊन सोडा तिला, नाहींतर आम्ही सोडतों," ते म्हणाले. त्यांचा राग अन्यायाचा होता असें मी म्हणणार नाहीं. लस चुकली होती ती आमची. मुलाला ताटलीपासून दूर ठेवणें हें कामही आमचें. वडिलांनीं हात जोडले आणि दहा दिवस मागितले. कारण चावलेलें कुत्रें त्यानंतर दहा दिवस निरोगी राहिलें, तर चावतांना त्याच्या लाळेंत रेबीज नव्हता असें ठरतें; आणि तें पाहण्यासाठीं कुत्रें डोळ्यांसमोर असावें लागतें. दूर सोडून दिलें म्हणजे कधींच कळावयाचें नाहीं, आणि दुसऱ्या गांवांतील कोणाच्या तरी मुलाला धोका राहतो तो वेगळाच. मुलाची लस अर्थातच या दहा दिवसांसाठीं थांबविली नव्हती.

ते दहा दिवस आमच्या घरांत कोणाचा घांस सुखानें उतरला नाहीं. वडील दर सकाळीं उठल्याबरोबर तिच्यापुढें पाण्याची वाटी ठेवीत व ती पितांना पाहत उभे राहत. तिनें एकदां खोकलें तर आई रडली. आजीनें कांहीं विचारलें नाहीं. फक्त तिच्या भुंकण्याकडे कान देऊन असे. अकराव्या दिवशीं पशुवैद्यांनीं तिला तपासलें, ती निरोगी आहे असें सांगितलें, आणि राहिलेली लस टोंचली. ती तारीख आतां आमच्या स्वयंपाकघराच्या दारावर तेलरंगानें लिहिली आहे.

शेजारी दोन महिने आमच्याशीं बोलले नाहींत. मुलाच्या लसीच्या सर्व मात्रा पुऱ्या झाल्या. आम्हीं चांदणीची ताटली मागील पडवींत नेली आणि मध्यें तिच्या उंचीचें फाटक बसविलें. बहिणीनें गल्लींतील मुलांना जमवून शिकविलें कीं, जेवणारें, झोंपलेलें किंवा पिलें पाजणारें कुत्रें आपलें नव्हे. धांवत जाऊं नये, डोळ्यांत डोळे घालून पाहूं नये, आणि तें जवळ आलें तर झाडासारखें उभें राहावें.

तो मुलगा आतां चौथींत आहे. शाळा सुटली कीं फाटकाच्या अलीकडे उकिडवा बसतो, भाकरीचा तुकडा जमिनीवर ठेवितो आणि हात मागें घेतो. चांदणी येते, प्रथम त्याच्याकडे पाहते, मग आमच्या वडिलांकडे पाहते, आणि मग तुकडा उचलते. कधीं कधीं तुकडा तेथेंच ठेवून नुसतीच त्याच्याजवळ बसते.