गुलाबी साडीचे कोडे

गंगापूर रोडवर राहणाऱ्या माणसाला आपल्याला गाण्यातले कळते असे वाटत असते, आणि या समजुतीला थोडाफार आधारही आहे. कुसुमाग्रजांचे स्मारक याच रस्त्यावर. नदीपलीकडे पंचवटीत पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी आश्रम काढला होता. घरोघरी कपाटात गीतरामायणाच्या कॅसेटी आहेत. त्या वाजवायचे यंत्र केव्हाच भंगारात गेले असले तरी कॅसेटी आहेत. अशा या रसिक रस्त्याने गावाबाहेर जाऊ लागले की लग्नाची लॉन्स सुरू होतात, आणि लग्नसराईत रात्री दहाला कायद्याने कर्णे बंद होईपर्यंत तेथे संजू राठोड गात असतो.

‘गुलाबी साडी’ हे त्याचे गाणे २०२४ च्या फेब्रुवारीत आले. शब्द त्याचे, चाल त्याची, गळा त्याचा. वाद्यांची साथसंगत जी-स्पार्क नावाच्या त्याच्या जोडीदाराची. मुलगा जळगाव जिल्ह्यातला, खानदेशातला. मागे सिनेमा नाही की घराणे नाही. तरी गाणे कोट्यवधी वेळा ऐकले गेले, न्यू यॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये त्याची जाहिरात झळकली आणि माधुरी दीक्षितही त्यावर नाचली. २०२५ मध्ये ‘शेकी’ आले, तेही तसेच गाजले.

आमच्या सोसायटीच्या बागेत संध्याकाळी जी ज्येष्ठ मंडळी बसतात, त्यांना हे कोडे काही केल्या सुटत नाही. मी पडलो कॉलेजात मराठी शिकवणारा, तेव्हा जाब मला विचारला जातो.

“सर, यात काव्य कोठे आहे तेवढे दाखवा,” बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणतात.

“काव्य राहू द्या हो, चाल तरी कोठे आहे? त्याच चार सुरांत घुटमळते आहे,” दुसरे. हे पूर्वी पेटी वाजवीत असत.

तिसऱ्यांचे मत असे की ही सारी प्रसिद्धी पैसे मोजून विकत घेतलेली असते. मला हे पटत नाही. जाहिरात विकत घेता येते; पण साठी उलटलेल्या बायकांनी आपण होऊन कपाटातली गुलाबी साडी काढावी, यासाठी कोणी कोणाला पैसे देत नाही. आमच्याच सोसायटीत भाचीच्या हळदीला एका काकूंनी ती काढली, आणि गुडघ्याला पट्टा बांधून नाचल्या. त्यांना मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, “हे सगळे बसून ऐकतात ना, म्हणून त्यांना काही सापडत नाही. जरा उठा म्हणावे!”

काकूंनी एका वाक्यात जे सांगितले ते मला तासभर बोलूनही सांगता आले नसते. आपण भावगीत ऐकतो ते डोळे मिटून. शब्द मनात मुरावा, अंतऱ्यात काही नवे उलगडावे, ध्रुवपदावर परत येताना सम सापडावी, असा आपला हिशेब. या गाण्याचा हिशेब निराळा. एक छोटी, सहज तोंडात बसणारी ओळ पुनःपुन्हा येते. ठेका असा की न शिकलेल्या पायालाही सापडावा. आणि अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीत मावेल एवढा तुकडा कोठूनही उचलता यावा. विषय काय, तर एक मुलगी नटली आहे आणि आपला फोटो काढ म्हणते आहे. यासाठी नटी असावे लागत नाही. साडी असली की पुरे, आणि साडी प्रत्येकीच्या घरी आहे.

मी ते एकट्याने ऐकेन का? नाही. मधली कडवी मला भरतीची वाटतात. पण लग्नाच्या मांडवातल्या गाण्याला मैफलीची फूटपट्टी लावणे मला रास्त वाटत नाही. आपल्या आज्यांच्या जात्यावरच्या ओव्याही पीठ पडता पडता रचलेल्या होत्या, बैठकीसाठी नव्हेत.

साडीवरून आठवले. गाण्यामागे साडीची लाट येणे महाराष्ट्राला नवे नाही. बालगंधर्व रंगभूमीवर जसे लुगडे नेसत, जसा अंबाडा घालीत, तसे नेसण्याची आणि घालण्याची भल्याभल्या घरांतल्या बायकांत अहमहमिका लागे. त्या काळच्या संगीतालाही नावे ठेवणारे असतीलच. ‘शाकुंतल’ १८८० चे. साक्या-दिंड्यांवर आणि कीर्तनाच्या चालींवर वाढलेल्या कानांवर १९११ च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी ठुमरी-दादऱ्याच्या वळणाच्या चाली आणून आदळल्या. आज तीच पदे आपण अभिजात म्हणून नातवंडांना ऐकवू पाहतो.

आणि बाळकृष्ण केसकर? सुसंस्कृत मराठी माणूस, १९५२ ते १९६२ माहिती व नभोवाणी मंत्री. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते अशी त्यांची खात्री होती. त्यांनी त्या गाण्यांना कात्री लावली, निर्मात्यांशी बिनसले, आणि ती ऑल इंडिया रेडिओवरून जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय करावे? काटा फिरवून सिलोन लावले. १९५२ च्या डिसेंबरातच तेथे बिनाका गीतमाला सुरू झाली होती. अखेर १९५७ च्या ऑक्टोबरात सरकारलाच विविध भारती काढावी लागली. आमच्या बागेतली मंडळी अमीन सयानींची आठवण निघाली की अजून हळवी होतात. आपल्या वडिलांनी तेव्हा रेडिओ बंद कर म्हणून दटावले होते हेही तीच मंडळी हसत हसत सांगतात, आणि पुन्हा संजू राठोडवर घसरतात!

माझ्या वर्गात सुरगाणा, पेठ, कळवण, सटाणा येथून येणारी मुले असतात. घरची अहिराणी किंवा कोकणी बोली ती वर्गाबाहेर ठेवून येतात. आत आली की पुस्तकी मराठी बोलता येईना म्हणून गप्प बसतात. या गाण्यावर मात्र ती बोलली. कोणते शब्द गावाकडचे, कोणते शहरी, इंग्रजी शब्द कोठे खटकतो आणि कोठे नाही, यावर तासभर वाद झाला. आपल्या भागातला एक मुलगा कोणाची परवानगी न मागता गाणारा झाला, याचा त्यांना अभिमान होता. पूर्वी गायकाला रेडिओची स्वरचाचणी आणि रेकॉर्ड कंपनीचा साहेब असे दोन उंबरे ओलांडावे लागत. ते उंबरे गेले, त्याबरोबर पुष्कळ कचराही आत आला हे खरेच. पण ही मुलेही त्याच दारातून आली.

बागेतल्या मंडळींत सर्वांत कडक टीकाकार म्हणजे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ. सुधीर फडक्यांचे निस्सीम भक्त. त्यांची नऊ वर्षांची नात टोरांटोला असते. तिला मराठी समजते थोडे, बोलता येत नाही. गेल्या वर्षी तिकडच्या मराठी मंडळींच्या मेळाव्यात ती ‘गुलाबी साडी’वर नाचली. तिला अथपासून इतिपर्यंत येणारे एकच मराठी गाणे, आणि ते नेमके हे! आजोबांनी चित्रफीत पाहिली, छान म्हणाले, आणि दोन दिवस बागेत आले नाहीत.

पुढच्या शनिवारी तिने फोनवर विचारले, “आजोबा, ‘भारी’ म्हणजे काय?” त्यांनी सांगितले, वजनाला जड. त्यावर ती गोंधळली. “म्हणजे तिला ती साडी उचलत नाही?”

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. मी त्यांना सांगितले, भारी म्हणजे जड, मग महागडे, जसा भारी शालू. आणि आता मुले झकास या अर्थी म्हणतात ते. त्यांनी तिन्ही अर्थ विजेच्या बिलाच्या पाठीवर क्रमाने उतरवून घेतले. मग इकडे तिकडे पाहून म्हणाले, “ते गाणे आहे ना तुमच्या फोनवर? जरा हळू आवाजात लावा.”

लावले. कपाळाला आठ्या घालून त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले.

“पुन्हा लावा,” ते म्हणाले. “शनिवारी तिचा फोन यायचा आहे. आणखी काय विचारील नेम नाही.”