जर्मनीत प्रोग्रॅम लिहायला कसे शिकतात

मित्रांनो, आपल्या डेअरीत दूध घातलं की मशीनमधून चिठ्ठी येते. लिटर किती, फॅट किती, दर किती, सगळं तिच्यावर असतं. हा हिशेब कसा करायचा हे मशीनला कोणीतरी आधी लिहून दिलेलं असतं. त्याला प्रोग्रॅम म्हणतात. मोबाईलमधली ॲपसुद्धा तशीच बनतात. गुरुजींनी सांगितले की, जर्मनी देशात हे काम सुतारकामासारखे शिकतात!

सुताराचा मुलगा रंधा मारता मारता शिकतो. तशी तिकडची मुले शाळा संपल्यावर कंपनीत शिकाऊ म्हणून जातात. त्यासाठी लेखी करार होतो. शिक्षण तीन वर्षांचे असते. आठवड्यात एक-दोन दिवस धंदेशिक्षणाच्या शाळेत जायचे आणि बाकीचे दिवस कंपनीत काम करायचे. काही ठिकाणी शाळा सलग काही आठवडे भरते. फी तर नाहीच, उलट कंपनीच दर महिन्याला पैसे देते, आणि ते दरवर्षी वाढतात! माझी ताई दहावीत आहे. तिच्या पुढच्या फीचं आमच्या घरात रोज बोलणं निघतं, म्हणून मी पळत जाऊन तिला सांगितलं. ती म्हणाली, "अरे, तिथं सगळं जर्मन भाषेत शिकवत असतील." ते पण खरंच आहे.

हे शिक्षण १९९७ साली सुरू झाले. २०२० साली त्यात बदल झाले. या धंद्याचे नाव 'फाखइन्फॉर्माटिकर' असे आहे. म्हणून बघा!

शिकाऊ मुले प्रोग्रॅम लिहितात आणि तो तपासतातही. तपासणे फार महत्त्वाचे. डेअरीच्या मशीनने फॅट चुकीचा धरला तर शेतकऱ्याचे पैसे बुडतील की नाही? शिवाय काय काय शिकलो याची वही ठेवावी लागते, आपले गुरुजी टाचणवही लिहितात ना, तशी.

परीक्षा उद्योग-व्यापार मंडळ घेते. तिचा पहिला भाग दुसऱ्या वर्षी असतो. शेवटी प्रत्येकाने एक खरे काम ८० तासांत करायचे. ते कोणते, हे आधी मंजूर करून घ्यावे लागते. मग ते कसे केले ते लिहून द्यायचे आणि परीक्षकांपुढे उभे राहून १५ मिनिटांत समजावून सांगायचे. त्यानंतर परीक्षक प्रश्न विचारतात. मला वाटतं, कुणी दुसऱ्याचं उतरवून आणलं असेल तर तिथंच सापडत असेल.

— इयत्ता ४ थी