आडवी होणारी खुर्ची

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत हल्ली गल्लीआड एखादं तरी पोरगं अमेरिकेत, जर्मनीत नाहीतर दुबईत असतं. मग आई-वडिलांच्या फेऱ्या आल्या आणि उभा मारुती चौकातल्या गप्पांत लांबच्या प्रवासात धरणारे गुडघेही आले. "पोरगं बिझनेस क्लासचं तिकीट काढतो म्हणतंय. पण नुसतं झोपायला तीन-चार लाख द्यायचे व्हय?" हा सवाल मी तिथं वेगवेगळ्या तोंडून ऐकला आहे. सवाल रास्त आहे. पण त्याचं उत्तर तिकिटाच्या वर्गापेक्षा त्या दिवशी कुठलं विमान येणार आणि त्यातली खुर्ची किती वापरून झाली आहे, यावर जास्त अवलंबून असतं.

कोल्हापुरातून उडताना हा प्रश्नच पडत नाही. इथल्याच घोडावत समूहाच्या स्टार एअरच्या एम्ब्रेअर १७५ विमानात ७६ पैकी १२ आसनं बिझनेसची असतात. ती ऐसपैस आहेत, मागे रेलतात, पण पलंग होत नाहीत. तासाभराच्या उड्डाणाला त्याची गरजही नाही. कोल्हापूरकराला आडवं होऊनच प्रवास करायचा असेल तर महालक्ष्मी एक्स्प्रेसचा बर्थ आहे, रात्रीच्या स्लीपर गाड्या आहेत. पूर्ण आडवी होणारी खुर्ची भेटते ती मुंबई-दिल्लीहून पुढे, समुद्रापार जाताना.

ही सोय तशी अलीकडची. एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेलं, तेव्हा खुर्ची मागे रेलण्यातच चैन होती. बिझनेस क्लासमध्ये खरीखुरी सपाट गादी रुळवली ती ब्रिटिश एअरवेजने, २००० साली. एक प्रवासी पुढे तोंड करून आणि शेजारचा मागे तोंड करून, अशी ती मांडणी होती. त्याच सुमारास अनेक कंपन्यांनी एक मधला मार्ग काढला होता. खुर्ची सरळ व्हायची, पण उतरती. रात्रभर माणूस इंचाइंचाने पायाकडे घसरायचा आणि पहाटे गुडघे दुमडलेल्या अवस्थेत जागा व्हायचा. अशी काही आसनं आजही उडतात, म्हणून जाहिरातीत 'फ्लॅट' शब्द दिसला की थोडं थांबावं.

आता खुर्ची आतून बघू. उद्यमनगरच्या कारखान्यांतल्या कुठल्याही मिस्त्रीला हे यंत्र पाच मिनिटांत कळेल. पाठ, बैठक आणि पायटेका असे तीन तुकडे, त्यांना जोडणारे सांधे, खाली रूळ आणि हे सगळं हलवणाऱ्या छोट्या विजेच्या मोटारी. मोटार गिअरमधून स्क्रू फिरवते, स्क्रू पुढेमागे सरकतो आणि बटण दाबल्यावर खुर्ची हळूहळू पसरते. गंमत अशी की ही यंत्रणा हलकी हवी, कारण जादा किलोला जादा इंधन लागतं. शिवाय ती दणकटही हवी. प्रमाणपत्र देताना खुर्चीत पुतळा बसवून तिला गुरुत्वाकर्षणाच्या १६ पट झटका पुढच्या दिशेने देतात. उड्डाण करताना आणि उतरताना खुर्ची सरळ करायला लावतात, ते याच सुरक्षेच्या हिशेबाने.

गादीचंही तसंच. विमानातल्या फोमला दोन मिनिटं तेलाच्या बर्नरची झळ सोसावी लागते आणि जळून वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं तर तो नापास होतो. म्हणून फोमवर आग रोखणारा थर चढवतात आणि गादी घरच्यापेक्षा टणक लागते. त्यातही अडचण आहे. बसायला घट्ट फोम बरा, झोपायला मऊ. एकाच फोमकडून दोन्ही कामं करून घ्यायची, म्हणजे तडजोड आलीच. तीन तुकड्यांच्या सांध्यांवर कमरेखाली उंचवटा जाणवतो. काही कंपन्या वर अंथरायला पातळ गादी देतात. ती मिळत असेल तर संकोच न करता मागून घ्यावी.

लांबी सहसा सहा फुटांच्या पुढे असते, त्यामुळे उंचीची फारशी तक्रार नसते. तक्रार असते पायांची. बऱ्याच मांडण्यांत तुमची पावलं पुढच्या प्रवाशाच्या टेबलाखालच्या खोबणीत जातात. खोबण अरुंद असली तर कुशीवर वळताना गुडघा आपटतो. तालमीत अंग कमावलेल्या गड्याला खांद्याशीही अडचण होते. वर हवा कोरडी, आणि विमानातल्या हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो. म्हणजे कळसूबाईच्या शिखराहून उंच जागी रात्र काढल्यासारखं. तरीही आडवं झाल्यावर पाय हृदयाच्या पातळीला येतात, सूज कमी होते. साठी ओलांडलेल्या माणसाला पंधरा-सोळा तासांच्या प्रवासात हा फायदा मोठा आहे, माझ्या मते झोपेपेक्षाही मोठा.

पण हे सगळं खुर्ची धड असेल तर. लांब पल्ल्याचं विमान दिवसातले बरेच तास हवेतच असतं, तीच खुर्ची माणसं पाठोपाठ वापरतात आणि एक संच वर्षानुवर्षं चालवतात. कापसाची गादी पिंजून पुन्हा फुगवता येते, बसलेला फोम मात्र बदलावाच लागतो. सांध्याचे बुश ढिले होतात आणि खुर्ची मध्येच अडते किंवा एका बाजूला कलते. चामड्याला हात टेकायच्या जागी भेगा पडतात. सगळ्यात घातक म्हणजे फटीत पडलेला मोबाईल. त्याला शोधायला खुर्ची हलवली तर यंत्रणेत तो चिरडतो आणि बॅटरी पेट घेऊ शकते. मोबाईल पडला तर खुर्चीला हात न लावता कर्मचाऱ्यांना बोलवावं.

झिजलेल्या खुर्चीचं आपल्याकडचं ठळक उदाहरण एअर इंडियाचं. जानेवारी २०२२ मध्ये टाटांकडे कंपनी परतली तेव्हा बोइंग ७७७ आणि ७८७ विमानांच्या आतल्या अवस्थेवर उघड टीका होत होती. त्याच डिसेंबरात कंपनीने ४० कोटी डॉलर खर्चून दोन्ही प्रकारच्या ४० विमानांचं अंतरंग बदलायचं जाहीर केलं. पण सुटे भाग आणि आसनं मिळायला जगभर उशीर होत राहिला आणि काम रेंगाळलं. दरम्यान नोव्हेंबर २०२३ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपनीला १० लाख रुपये दंड केला. कारणांमध्ये एक असं होतं की, आंतरराष्ट्रीय बिझनेस क्लासमध्ये नादुरुस्त आसनांवर प्रवास करावा लागलेल्यांना भरपाई दिली नव्हती. दुसरीकडे, जानेवारी २०२४ पासून सेवेत आलेल्या एअरबस ए३५० विमानांत बिझनेस क्लासच्या दरवाजा असलेल्या २८ खोलीवजा जागा, प्रत्येकाला मधल्या वाटेशी थेट जागा. कंपनी तीच, वर्ग तोच, भाडंही साधारण त्याच घरातलं; पण जुन्या ७८७ मध्ये मात्र दोन-दोन-दोन अशी रांग, आणि खिडकीकडच्याने रात्री शेजाऱ्याला ओलांडून शौचालयाला जायचं.

तेव्हा तिकीट काढताना विमानाचा प्रकार आणि आसनांचा नकाशा आधी बघा. जुन्या मांडणीचं विमान दिसलं आणि प्रीमियम इकॉनॉमी स्वस्तात मिळत असेल, तर ती घ्यायला लाजू नका, जुन्या पलंगापेक्षा ती बरी ठरू शकते. बसल्याबसल्या, विमान हलायच्या आत, खुर्ची एकदा पूर्ण आडवी करून पाहा. अडली तर तेव्हाच दुसरी मागा. जागा नसेल तर फोटो काढा, कर्मचाऱ्यांना नोंद करायला लावा आणि उतरल्यावर कंपनीकडे लेखी तक्रार द्या. तिथं दाद लागली नाही तर केंद्र सरकारचं एअरसेवा पोर्टल आहे, आणि त्यापुढे ग्राहक आयोग.