आधी भिंत वाळू द्या

शुक्रवार, ८ ऑक्टोबर २०२१. मस्कतहून निघून आम्ही अल खाबूराला पोहोचलो, तेव्हा ‘शाहीन’ वादळाला पाच दिवस झाले होते. मित्राच्या घराचं दार उघडलं आणि आधी वास आला. कुबट, ओल्या गोणपाटाचा असतो तसा. भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला चिखलाची रेघ होती. पण काळपट हिरवे ठिपके रेघेच्या वरही उमटले होते, जिथे पुराचं पाणी चढलंच नव्हतं.

या वादळाची सुरुवात आपल्याकडचीच. ‘गुलाब’ चक्रीवादळ २६ सप्टेंबरला आंध्रच्या किनाऱ्यावर आलं. त्याच्या उरल्यासुरल्या जोराने मराठवाड्याला झोडपलं आणि अरबी समुद्रात पुन्हा बळ धरून ते ३ ऑक्टोबरला ‘शाहीन’ नावाने ओमानच्या बातिना किनाऱ्यावर धडकलं. एरवी जिथे वर्षाला १०० मिमीच्या आसपास पाऊस, त्या खाबूरात एका दिवसात सुमारे ३६९ मिमी कोसळला. मित्राच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं, माहेर लातूरकडचं. तिकडे सोयाबीन गेलं, इकडे घर.

घरातला गाळ आम्ही जाण्याआधीच निघाला होता. गावोगावहून आलेल्या ओमानी तरुणांनी फावडी, घमेली घेऊन तो उपसला होता. उरली होती बुरशी. तिचे बीजाणू हवेत कायमच असतात. त्यांना फक्त ओल हवी. ओला कागद, लाकूड, कापूस मिळाला की एकदोन दिवसांत ती धरते. इथे तर वीज नव्हती, खिडक्या बंद होत्या आणि किनाऱ्याची दमट हवा होती.

एन-९५ मास्क, चष्मा, रबरी हातमोजे चढवले आणि सामानाच्या दोन वाटण्या केल्या. ज्यावरून पाणी वाहून गेलं ते ठेवायचं, ज्याने पाणी पिऊन घेतलं ते काढायचं. स्टीलची भांडी, काच, फरशी साबणाने धुतली. गाद्या, गालिचे, सोफ्याचा फोम बाहेर. कपाटापाशी वहिनी अडल्या, “हे तर चांगलं आहे, भाऊजी.” पुढून खरंच चांगलं होतं. भिंतीपासून ओढलं, तर पाठीच्या फळीवर करड्या मखमलीसारखा थर. बोट लावलं तर फळी दबली. हलवण्याआधी त्यावर साबणपाणी फवारलं, कारण कोरडा झाडू मारला की बीजाणू घरभर उडतात. जिप्सम बोर्डच्या पार्टिशनला दोन्ही बाजूंनी कागद असतो आणि तो पाणी वर ओढतो. म्हणून डागाच्या वर हातभर जागा सोडून ते कापून काढलं.

मोरीत ब्लीचच्या बादलीशेजारी व्हिनेगरची बाटली होती. ती आधी बाहेर नेली. ही दोन एकत्र आली की विषारी क्लोरीन वायू सुटतो. शिवाय ब्लीच फरशीवर चालतं. प्लास्टरच्या आत ते पोहोचत नाही, त्यातलं पाणी मात्र मुरतं.

संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, “उद्या रंगारी येतोय.” भिंत हाताला कोरडी लागत होती. मी म्हटलं, “वहिनी, एक रात्र थांबा.” वीतभर पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या. सोहार शहरात मुक्काम करून सकाळी परत आलो. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला बारीक थेंब जमले होते. वहिनी त्या थेंबांकडे बघत राहिल्या आणि त्यांनीच रंगाऱ्याला फोन करून नको म्हणून सांगितलं.

वीज आल्यावर पंखे लावले, एसी ‘ड्राय’वर ठेवला. बाहेरची हवा कोरडी असेल तेव्हाच खिडक्या उघडल्या. दर आठवड्याला प्लास्टिक नव्या जागी लावलं. नोव्हेंबर संपता संपता ते कोरडं निघालं. मग पोपडे खरवडले, घासकागद मारला आणि रंग दिला.

चिपळूण असो, सांगली असो की मस्कत, पूर ओसरल्यावर घर पुन्हा पहिल्यासारखं दिसावं याची घाई प्रत्येकाला होते. पण ओल्या भिंतीवरचा रंग बुरशी झाकतो, घालवत नाही. घरात दमेकरी, तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस असेल, तर भिंत वाळेपर्यंत त्यांना दुसरीकडे ठेवा. आणि रंगाऱ्याला बोलावण्याआधी भिंतीला एक रात्र प्लास्टिक लावून बघा.